‘लो रिस्क’ सट्टा म्हणजे शेअर मार्केट? पैसे लावण्याआधी हा हिशेब मांडून बघा

क्रिकेटचा हंगाम आला की गावोगावच्या मोबाईलवर एका ठरावीक पद्धतीचे मेसेज फिरू लागतात. आता त्यात ‘सट्टा’ हा शब्द नसतो. असतो तो ‘पोर्टफोलिओ’. भांडवल, रिटर्न, स्टॉप लॉस, डायव्हर्सिफाय हे सगळे शेअर बाजारातले शब्द असतात. सांगणं असं, की जुगारी माणूस एकाच मॅचवर सगळं लावतो म्हणून बुडतो. तुम्ही तसं करू नका. दहा हजाराचे पन्नास भाग करा, फक्त पक्क्या टीमवर लावा, रोज थोडं थोडं कमवा. एसआयपीसारखं.

हे ऐकायला पटतं, कारण शेतकऱ्याला ही गोष्ट नवीन नाही. सोयाबीनमध्ये तूर घेणारा माणूस तेच करत असतो. पावसानं एक पीक नेलं तर दुसरं हाताशी राहतं. मग सट्टा असा विभागून का लावू नये? इथंच खरी मेख आहे.

आधी ‘पक्की टीम’ म्हणजे काय ते बघू. समजा एका टीमचा भाव १० पैसे आहे. म्हणजे १,००० रुपये लावले आणि टीम जिंकली तर १०० रुपये सुटतात, हरली तर पूर्ण १,००० जातात. एका हारेत दहा विजयांची कमाई साफ. नुसतं बरोबरीत राहायचं म्हटलं तरी १०० पैकी जवळपास ९१ वेळा जिंकावं लागतं. आता ती टीम खरोखर १०० पैकी ८८ वेळा जिंकणारी आहे असं धरा. ही काही लेचीपेची टीम नव्हे. ८८ विजयांचे मिळाले ८,८०० रुपये, १२ हारींचे गेले १२,०००. एकूण ३,२०० रुपये तोटा. टीम जोरदार होती, अंदाजही बहुतेक वेळा बरोबर आला, तरी खिसा रिकामा झाला. कारण भाव ठरवणारा बुकी स्वतःचा वाटा आधीच काढून ठेवतो.

अशा खेळात सुरुवातीला माणूस जिंकतोच, हे आणखी वाईट. जिंकायची शक्यता ९० टक्के असली तरी सलग दहा वेळा जिंकणारे १०० पैकी साधारण ३५ जण निघतात. हे ३५ जण पारावर बसून सांगतात, ‘आपलं तर रोज निघतंय.’ बाकीचे ६५ गप्प असतात. आणि त्या ३५ जणांनी तसंच पुढं आणखी दहा डाव खेळले, तर वीसही डाव जिंकलेले फक्त १२ उरतात.

आता विभागून लावण्याचं बघू. दोन तुल्यबळ टीम आहेत, दोघींचा भाव ९० पैसे. एकानं या टीमवर १,००० लावले, दुसऱ्यानं त्या टीमवर १,०००. बुकीकडं आले २,०००, जिंकणाऱ्याला परत गेले १,९००. मधले १०० त्याचे, मॅच कुणीही जिंको. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागं सरासरी ५ रुपये जातात. आयपीएल २०२५ मध्ये ७४ मॅच होत्या. प्रत्येक मॅचला असे १,००० लावणाऱ्याचा सरासरी तोटा ३,७०० रुपये. एखाद्या मॅचला नशीब साथ देतं, दोन-चार मॅचनाही देतं. पण जितक्या जास्त मॅचवर पैसे विभागावेत तितकी नशिबाची साथ कमी होते आणि तो ५ टक्क्यांचा तोटा पक्का होत जातो. शेअरमध्ये विभागणी जोखीम कमी करते. सट्ट्यात ती तोट्याची खात्री वाढवते.

गावच्या भाषेत सांगायचं तर, तेच पोतं रोज मार्केट यार्डात न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. भाव चढो की पडो, दरवेळी हमाली आणि तोलाई कापली जाणार. ‘एकावेळी भांडवलाच्या २ टक्केच लावा’ हा सल्लाही यातलाच. त्यानं पोतं लवकर रिकामं होत नाही, एवढंच.

शेअरचं तसं नाही, कारण तिथं मागं धंदा असतो. कंपनी माल बनवते, विकते, नफा झाला तर त्यातून डिव्हिडंड देते किंवा धंदा वाढवते. पैसा बाहेरून येतो, जसं धान्य जमिनीतून येतं. सट्ट्यात नवीन दाणा एकही पिकत नाही, हरणाऱ्याचा पैसा जिंकणाऱ्याकडं जातो आणि मधला आपला हिस्सा कापतो. दुसरं म्हणजे शेअर पडला तरी तो डिमॅट खात्यात असतो. २००८ साली सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला होता. ज्यांनी चांगले शेअर धरून ठेवले त्यांना पुढं संधी मिळाली. मॅचवर लावलेला पैसा रात्री शेवटचा बॉल पडला की संपतो. धरून ठेवायला काही उरतच नाही.

याचा अर्थ शेअर बाजारात सगळं सोवळं आहे असं नव्हे. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अभ्यासानुसार फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरना तीन वर्षांत तोटा झाला. तोही एका अर्थानं सट्टाच. तेव्हा ‘मी शेअरमध्ये आहे’ म्हणणाऱ्या पोरालाही नेमकं काय करतोस हे विचारायला हवं.

सट्ट्याला शेअरचे कपडे घालायचा एक मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. ‘फुटबॉल इंडेक्स’ नावाचं ॲप २०१५ साली सुरू झालं. त्यात लोक फुटबॉल खेळाडूंचे ‘शेअर’ विकत घेत. भाव वर-खाली होत, खेळाडू चमकला की ‘डिव्हिडंड’ मिळे. स्क्रीन अगदी शेअर बाजारासारखी. कितीतरी जणांनी बचत म्हणून पैसे टाकले. पण कागदावर तो शेअर नव्हताच, ती तीन वर्षांची पैज होती आणि कंपनीकडं लायसन्स होतं ते जुगाराचं. मार्च २०२१ मध्ये कंपनीनं डिव्हिडंड एकदम कापला, भाव कोसळले आणि काही दिवसांतच ॲप बंद पडलं. लोकांचे सुमारे ९ कोटी पौंड अडकले. कायदा कडक असलेल्या, लायसन्स देणाऱ्या देशातली ही गत.

आपल्याकडं सेबीनं एप्रिल २०२५ मध्ये ‘ओपिनियन ट्रेडिंग’च्या ॲपबद्दल असाच इशारा दिला होता. नफा, स्टॉप लॉस असे शब्द वापरून ती गुंतवणुकीसारखी दाखवली जातात, पण तिथं गुंतवणूकदाराला कुठलंही संरक्षण नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदाच केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत, अशी त्यात तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा मात्र आहेच. शिवाय १८७२ च्या करार कायद्यात पैजेचा करार रद्दबातल ठरवलेला आहे, म्हणजे जिंकलेले पैसे बुकीनं दिले नाहीत तर कोर्टात मागता येत नाहीत.

टिप देणारे ‘ॲडव्हायझर’ कसे काम करतात तेही समजून घ्यावं. ८०० जणांपैकी ४०० जणांना पहिली टीम जिंकणार म्हणून सांगायचं, ४०० जणांना दुसरी. ज्यांना बरोबर सांगितलं त्यांचे परत दोन भाग. तिसऱ्या मॅचनंतर १०० जण असे उरतात की ज्यांच्यासाठी हा माणूस तीनपैकी तीन वेळा बरोबर ठरला. फी मागायची ती या १०० जणांकडून.

सगळ्यात मोठा फटका मात्र हरण्यात नसून बँकेत बसतो. असे व्यवहार सरळ मार्गानं होत नसल्यानं ‘आयडी’ देणारा दरवेळी कुणातरी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर पैसे टाकायला सांगतो आणि जिंकलेले पैसेही अशाच अनोळखी खात्यातून येतात. त्यातलं एखादं खातं फसवणुकीच्या गुन्ह्यात असलं, की पैसा जिथं जिथं गेला ती खाती पोलिसांच्या सांगण्यावरून होल्ड होतात. तक्रार दुसऱ्या राज्यात असू शकते. खात्यात आलेले सट्ट्याचे असतात ५०० रुपये, पण कधी कधी सगळंच खातं अडकतं. पीएम किसानचा हप्ता, दुधाचा पगार, पीक विम्याचे पैसे, सगळं त्याच खात्यात. ऐन पेरणीत बियाण्याला पैसे काढता येत नाहीत आणि घरी कारणही सांगता येत नाही. कमिशनवर स्वतःचं खातं वापरायला देणारे तर थेट आरोपी होऊ शकतात. कॉलेजच्या पोरांना यासाठीच गाठलं जातं.

खातं होल्ड झालं असेल तर बँकेच्या शाखेतून तक्रारीचा क्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याची तक्रार आहे आणि नेमकी किती रक्कम वादात आहे हे लेखी मागून घ्यावं. वादातली रक्कम सोडून बाकीचं खातं मोकळं करण्यासाठी अर्ज करता येतो. पैसे फसवून घेतले गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत.