मांडणीचा तिसरा स्क्रू

गिरगावातल्या आमच्या चाळीत पूर्वी वायर लपलेली नसे. लाकडी पट्टीवरून क्लिपांच्या ओळीत ती सगळ्यांना दिसायची आणि खिळा ठोकणारा तिला टाळूनच ठोकायचा. पुढे खोल्यांचं नूतनीकरण झालं, भिंतींना झिऱ्या पाडून पाइप पुरले, वर प्लास्टर आणि रंग चढला. आता कोणती वायर कुठून गेली, हे फक्त ती टाकणाऱ्याला ठाऊक.

शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात सुताराने एप्रिलमध्ये स्टीलची मांडणी बसवली. चार भोकं, चार गिट्ट्या, चार स्क्रू. त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. जुलैत भिंतीला ओल आली आणि मेन बोर्डावरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, सारखा पडू लागला. वायरमन आला तेव्हा मी शेवटपर्यंत थांबलो.

त्याने मेन बंद केला, फ्रिज-मिक्सरच्या पिना काढल्या, एकेक सर्किट सुटं केलं आणि मेगर लावला. हे यंत्र ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरीचं आवरण गळतीला किती रोध करतं ते मेगओहममध्ये दाखवतं. ‘‘निदान एक मेगओहम तरी हवा, काकू,’’ तो म्हणाला. दिवे-पंख्यांचं सर्किट ठणठणीत होतं. स्वयंपाकघराच्या सर्किटवर मात्र काटा शून्यापाशी पडून राहिला.

मांडणीचा तिसरा स्क्रू काढला, तर त्याच्या आट्यांत लाल प्लास्टिकचा बारीक तुकडा अडकलेला. प्लास्टर फोडल्यावर भोक पडलेला पाइप दिसला आणि आत लाल वायरीचं आवरण चिरलेलं. भिंत कोरडी होती तोवर त्या चिरेने त्रास दिला नव्हता. ओल शिरली आणि वीज गळू लागली. काकू रोज त्याच मांडणीवरची भांडी काढत होत्या! ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारा आरसीसीबी होता म्हणून निभावलं. एवढ्याशा गळतीने साधा फ्यूज उडत नाही, एमसीबीही पडत नाही.

मग खर्चाचा प्रश्न आला. मीटरच्या पुढची वायरिंग आपली, त्यामुळे बेस्टकडे बोट दाखवता येत नव्हतं. सुताराला बोलावलं. तो म्हणाला, ‘‘काकू, बोर्ड तिकडे, मिक्सरचा पॉइंट इकडे. मधे तिरकी वायर असेल हे मला कसं कळणार?’’ त्याचं खरं होतं. पाइप बोर्डापासून सरळ उभा किंवा आडवा न्यायचा असतो. इथे चार फूट वायर वाचवायला कुणीतरी तो तिरका नेला होता. पण भोक पाडण्याआधी सुताराने विचारलंही नव्हतं. सामान काकूंनी लोहार चाळीतून आणलं, वायरमनची मजुरी सुताराने दिली. मला हा निवाडा रास्त वाटतो. वायर तिरकी पुरणाऱ्याला मात्र काहीच भरावं लागलं नाही, याची चीड येते.

पैसे घेऊन केलेल्या कामात हलगर्जी झाली, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. पण नुकसान त्याच भोकामुळे झालं हे दाखवावं लागतं. लाल तुकडा सापडला नसता तर काय दाखवणार? कामाआधी आणि कामानंतर मेगरचा आकडा लिहून ठेवला, तर घरमालक फसण्याची आणि निर्दोष कारागिरावर आळ येण्याची शक्यता कमी होते.

नवी वायरिंग करून घेत असाल, तर प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा आणि तो वीजबिलांच्या फायलीत ठेवा. गणपतीच्या मखरासाठी खिळा ठोकण्याआधी तो एकदा बघा.