प्रतीवरील शेरा : नक्कल देतांना अटी स्पष्ट लिहिण्याविषयीं

जुन्या दप्तरांतील खुर्दखतें व इनामपत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस त्यांचा शेवट परिचयाचा असतो. दरसाल नव्या खुर्दखताचा उजूर करूं नये, तालीक लिहून घ्यावी आणि अस्सल कागद ज्याचा त्यास फिरवून द्यावा, अशा आशयाची आज्ञा तेथें असते. वाचतांना ही ओळ ठराविक म्हणून आपण सोडून देतों. परंतु नक्कल कोणी घ्यावी, अस्सल कोणापाशीं राहावें आणि दिलेला हक्क किती काळ चालावा, या तिन्ही गोष्टींचा निकाल त्या एका ओळींत लागलेला असतो. देणारा व घेणारा दोघेही निवर्तल्यावर तंटा उपस्थित झाला, तरी उत्तर कागदावरच सांपडे.

आजच्या प्रतींची स्थिति याच्या उलट आहे. छायाचित्र एका क्षणांत निघतें, टंकलिखित वाचन एका संग्राहकाकडून दहांकडे जातें. पण त्यावर कसलाही शेरा नसतो. आमच्याच संग्रहांत एका देशमुख घराण्याच्या करिन्याची नक्कल आहे. तिच्या कोपऱ्यांत ‘उपयोगासाठीं दिली’ एवढेंच लिहिलेलें आहे. उपयोग वाचण्याचा, कीं छापण्याचा, कीं दुसऱ्यास देण्याचा? देणारे गृहस्थ वारले. वारस तीन ठिकाणीं पांगलेले. एकानें संमति दिली, दोघांनीं उत्तर दिलें नाहीं. मुद्रणासाठीं सिद्ध केलेला करिना आम्हांस बाजूस ठेवावा लागला. तो प्रसिद्ध व्हावा अशीच दात्याची इच्छा असावी, असें आम्हांस वाटतें. पण ती इच्छा कागदावर नव्हती.

अट लिहिण्यापूर्वीं कोणती वस्तु कोणाची हें पाहिलें पाहिजे. कागद जवळ असणें निराळें आणि मजकुरावर हक्क असणें निराळें. बाजारांतून एखादी दैनंदिनी विकत घेणारा कागदाचा धनी होतो, मजकुराचा होत नाहीं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें लेखकाचा हक्क सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. परंतु मृत्युसमयीं अप्रकाशित असलेल्या लेखनाची मुदत प्रथम प्रकाशनानंतर मोजली जाते. म्हणून १९६० सालीं वारलेल्या गृहस्थाची अप्रकाशित दैनंदिनी आतां सर्वांस मोकळी झाली, असें समजणें चुकीचें आहे. जनतेस खुल्या असलेल्या ग्रंथालयांतील व संग्रहालयांतील अप्रकाशित लेखनासाठीं मात्र कलम ५२ मध्यें एक सवलत आहे : लेखक ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूस ६० वर्षें लोटल्यावर संशोधन, खासगी अभ्यास अथवा प्रकाशन यांसाठीं नक्कल करतां येते. खासगी घरांतील पेटाऱ्यास ही सवलत लागू नाहीं.

छायाचित्राचा हक्क सामान्यतः तें काढणाऱ्याचा असतो. मोबदला देऊन दुसऱ्यानें तें काढविलें असल्यास, उलट करार नसेल तर, काढविणाऱ्याचा. वाचनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं असें ठरविलें कीं, केवळ श्रम व पैसा खर्च केल्यानें हक्क उत्पन्न होत नाहीं. कौशल्य व निर्णयबुद्धि यांचा कांहीं अंश लागतो. त्यावरून आमच्या मतें, मोडीचें अक्षरास अक्षर बाळबोध करणाऱ्याचा दावा दुर्बळ ठरेल. पण सलग मजकुराची पदें पाडणें, मितीचा मेळ घालणें, फाटलेली जागा तर्कानें भरणें आणि टीपा देणें, यांत निर्णयबुद्धि उघड आहे. मृतसमुद्राकांठच्या गुंडाळ्यांपैकीं एका जीर्ण लेखाचे तुकडे जुळवून गळालेला मजकूर भरणाऱ्या एलिशा किम्रॉन यांचा हक्क इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं मान्य केला, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे.

परवानगी लेखी दिली, पण अपुरी लिहिली, तरी संकट टळत नाहीं. आपल्या कायद्याप्रमाणें परवान्यांत मुदत सांगितली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश सांगितला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ‘छापण्यास हरकत नाहीं’ अशी चिठ्ठी घेऊन निश्चिंत राहिलेल्या संपादकानें सहाव्या वर्षीं दुसरी आवृत्ति काढतांना हें स्मरावें. आपले पूर्वज दरसालच्या उजुराची जी चिंता वाहत, ती व्यर्थ नव्हती.

ज्यांस स्वतः कलमें रचणें जड वाटतें, त्यांच्यासाठीं क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनें २००२ सालापासून तयार परवाने उपलब्ध केले आहेत. त्यांत कर्त्याचें नांव देणें, पुढील प्रत त्याच अटींवर देणें, व्यापारी उपयोग न करणें आणि फेरफार केलेली प्रत न वांटणें, अशा चार अटींची निरनिराळी जुळणी असते. शेवटच्या दोन अटी निवडण्यापूर्वीं विचार करावा. वर्गणी घेणारें त्रैमासिक व्यापारी कीं अव्यापारी, हा वाद तेथें उद्भवतो. आणि फेरफाराची मनाई असली म्हणजे भाषांतरही प्रसिद्ध करतां येत नाहीं. शिवाय एकदां दिलेला हा परवाना परत घेतां येत नाहीं. टीपांसह केलेल्या वाचनास पहिल्या दोन अटी पुरेशा आहेत, असें आमचें मत आहे. मात्र जें आपलें आहे त्याचाच परवाना देतां येतो. केवळ कागदाच्या धन्यानें घातलेली अट हा दोघांतील करार होय. तिसऱ्यावर ती आपोआप बंधनकारक होत नाहीं.

अनेकांच्या देणग्यांनीं वाढणाऱ्या संग्रहानें तर ही दक्षता दुप्पट घ्यावी. अटी देणगी घेतेवेळींच दात्यास वाचून दाखवाव्या. मागाहून केलेला नियम पूर्वीच्या दात्यास लावूं नये. आणि अट नुसती नोंदवहींत न ठेवतां प्रत्येक प्रतीवर उतरावी, कारण प्रत फिरते, वही फिरत नाहीं. शेरा असा असावा :

‘अस्सल अमक्यांच्या संग्रहीं, रुमाल अमुक. वाचन व टीपा अमक्यांच्या; छायाचित्र अमक्यांचें. नामनिर्देश करून अभ्यास, मुद्रण व भाषांतर यांस सर्व देशांत, हक्काच्या संपूर्ण मुदतीपर्यंत, आमच्या हक्कापुरती परवानगी आहे. मिति. सही.’

ज्यांस इतकें द्यावयाचें नसेल त्यांनीं कमी द्यावें. पण काय दिलें व काय राखलें तें लिहावें. नकार लिहिलेला असला तर संशोधक दुसरा मार्ग शोधतो. कांहींच लिहिलेलें नसलें तर तो थांबून राहतो, आणि तेवढ्यांत कागदास कसर लागते. आपल्या रुमालांतील ज्या प्रतींचे दाते आज हयात आहेत, त्यांच्याकडून हा शेरा वाचकांनीं प्रथम लिहून घ्यावा, अशी आमची विनंति आहे.