पिस्तूल, धातुसांगाड्याचे
अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटतानाच्या ऊर्जेनेच रिकामे काडतूस बाहेर पडून नवे भरले जाते; मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप ओढावा लागतो. त्याचा धातूचा सांगाडा पोलादी वा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. पोलादी सांगाड्याच्या वजनामुळे धक्का कमी जाणवतो व नेम लवकर स्थिरावतो. म्हणून लक्ष्यवेधासाठी तो पसंत करतात. तेच वजन जवळ बाळगताना जड होते. ॲल्युमिनियमाची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याने त्याचा सांगाडा हलका होतो. पण धक्का अधिक बसतो. चेकोस्लोव्हाकियातील योसेफ व फ्रांतिशेक कोउत्स्की या बंधूंचे ९ मिमी. ‘सीझेड ७५’ (१९७५) पोलादी असून सुमारे १ किग्रॅ. भरते, त्यावरून निघालेल्या आटोपशीर ‘पी-०१’ चा सांगाडा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा आहे. दोन्ही कामांसाठी एकच पिस्तूल निवडल्यास एका गुणाचा काही अंश सोडावाच लागतो.