गेमिंग पीसी बनवताय? एसएमपीएसवर पैसे वाचवू नका!

मित्रांनो, माझ्या पहिल्या गेमिंग पीसीचं जवळजवळ सगळं बजेट ग्राफिक्स कार्डवरच संपलं. मग कॅबिनेटसोबत आलेला स्वस्तातला एसएमपीएसच ठेवला. काही महिन्यांनी गेम चालू असतानाच पीसी बंद पडला. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला!

मग निवडायचा कसा? आधी वॅटची बेरीज करा. रायझन ५ ५६०० प्रोसेसरचे ६५ वॅट आणि आरटीएक्स ३०६० कार्डचे १७० वॅट, म्हणजे दोघांचेच २३५ झाले. त्यात मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन धरा आणि वर थोडी मोकळीक ठेवा. या कार्डसाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती कमी वाया जाते ते सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. म्हणून ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन आहे का, तेही बघून घ्या.

बजेट बसत नसेल तर ग्राफिक्स कार्ड नंतर घ्या. रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच येतं. त्याला १६ जीबीची एकच रॅम न लावता ८-८ जीबीच्या दोन लावा, गेम जास्त स्मूथ चालतात. कार्ड पुढच्या दिवाळीलाही बसवता येईल, जळलेला बोर्ड मात्र परत येत नाही.