सायकलवरून उतरलेले पाय

रोलरवर चढवलेल्या सायकलवर ती बराच वेळ जोर लावत होती. हाताच्या अंतरावर ट्रेडमिल आधीच सुरू होती. कमरेच्या हाडांवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर चमकते ठिपके चिकटवलेले. बाजूला एक कॅमेरा, पाठीमागे दुसरा. प्रशिक्षक मॅडमनी खूण केली. तिने उतरून बूट बदलले, लेस न बांधता रबरी दोरी ओढली आणि ती धावू लागली.

"काय वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

"पाय अजून पेडलवरच आहेत, मॅडम."

राष्ट्रीय पातळीवर ट्रायथलॉन खेळणारी ही मुलगी. नुसत्या डोळ्यांना तिच्या धावण्यात वावगं काही दिसेना. संगणकावर मात्र तिची सकाळची, ताज्या पायांची धाव आणि ही धाव शेजारी शेजारी लावली तेव्हा फरक दिसला. धड पुढे कललेलं होतं, कंबरही पुढे झुकलेली. पावलं भराभर पडत होती, पण आखूड. काही मिनिटांत धड सरळ होत गेलं आणि पावलं लांबली.

सायकलवर धड वाकलेलं असतं, मांडी पोटाकडे येत राहते आणि गुडघा कधीच पूर्ण सरळ होत नाही. पेडल दाबताना स्नायू आखडत जोर लावतात. जमिनीचा दणका त्यांना सोसावा लागत नाही. धावताना मात्र प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. तो झेलताना स्नायू आधी ताणले जातात आणि लगेच आखडून शरीराला पुढे ढकलतात. काम तेच स्नायू करतात, पण त्याची रीत पार बदलते, आणि ती बदलायला मिळतात काही सेकंद.

पेडलची लयही पायांत रेंगाळते. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं की सायकलवर पाय जलद फिरवले, तर नंतर धावताना पावलांची गती वाढते. लांबी तेवढीच राहते आणि वेळ कमी लागतो. पण त्या प्रयोगातले सगळे खेळाडू पुरुष होते.

हा तपशील छोटा नाही. धावताना बायकांची मांडी सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त आत झुकते आणि आत वळते. गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणंही त्यांच्यात अधिक आढळतं. म्हणूनच पाठीमागचा कॅमेरा. बाजूने धाव सुरेख दिसते, पण दमल्यावर कंबर एका बाजूला खाली जाते का, गुडघा आत येतो का, हे पाठीमागूनच कळतं. हिचा डावा गुडघा किंचित आत येत होता, ताज्या पायांनीही आणि सायकलनंतरही. म्हणजे दोष सायकलचा नव्हता. मॅडमनी नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम वाढवले. सायकलच्या सीटला हात लावला नाही.

एवढा कीस कशासाठी? ऑलिम्पिक ट्रायथलॉनमध्ये १,५०० मीटर पोहून आणि ४० किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर १० किलोमीटर धावायचं असतं. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग आणि स्वीडनची लिसा नॉर्डेन, दोघींची वेळ एकच नोंदली गेली: १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद. सुवर्ण कुणाचं, हे छायाचित्र पाहून ठरलं आणि ते स्पिरिगला मिळालं. अशा शर्यतीत पहिल्या किलोमीटरला अडखळलेली पावलं परवडत नाहीत.

अव्वल खेळाडूंचं शरीर हा बदल नवख्यांपेक्षा लवकर पचवतं, कारण सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव त्यांनी वर्षानुवर्षं केलेला असतो. तरी प्रत्येकीचं शरीर वेगळं वागतं. एकीचं धड झुकतं, दुसरीचं पाऊल आखूड होतं, तिसरीत काहीच बदलत नाही. तिघींची सरासरी काढली तर कुणाच्याच कामाची नाही.

तेव्हा प्रशिक्षकांनी महागड्या प्रयोगशाळेची वाट पाहत बसू नये. तिपाईवर मोबाइल लावून आपल्या खेळाडूची ताजी धाव आणि सायकलनंतरची पहिली पाच मिनिटं बाजूने आणि पाठीमागून टिपावीत. तुलना तिची तिच्याशीच करावी आणि मगच तंत्र बदलायला सांगावं.