छापील बॅटरी : छातीवर चालते, छातीत का नाही?

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ बोम्मसंद्र येथे नारायणा हृदयालय आहे. अशा हृदयरुग्णालयात दोन उपकरणे नेहमी लागतात : छातीवर चिकटवायची ईसीजी पट्टी आणि शरीरात बसवायचा पेसमेकर. छापील, लवचीक बॅटरी पहिल्याला पुरते, दुसऱ्याला नाही. याचे कारण पाहू.

या बॅटरीत जस्ताची आणि मँगनीज डायऑक्साइडची शाई प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापून दोन इलेक्ट्रोड तयार करतात. त्यांच्यामध्ये विद्युत अपघटनी जेल असते. विद्युतदाब सुमारे १.५ व्होल्ट मिळतो. थर पातळ म्हणून बॅटरी वाकते. पण पातळ थरात सक्रिय द्रव्यही थोडेच मावते.

समजा, तिची धारकता २० मिलिअँपिअर-तास आहे. पट्टीला सरासरी ०.१ मिलिअँपिअर प्रवाह लागत असेल, तर २० ÷ ०.१ = २०० तास, म्हणजे सुमारे ८ दिवस. त्यानंतर पट्टी सहज बदलता येते. पेसमेकरला ०.०१ मिलिअँपिअर लागत असेल, तर २००० तास, म्हणजे ८३ दिवस. त्यानंतर पुन्हा शस्त्रक्रिया! म्हणूनच १९७२ पासून पेसमेकरमध्ये लिथियम-आयोडीन घट वापरात आला. १००० मिलिअँपिअर-तास धारकता असेल, तर तोच पेसमेकर सुमारे ११ वर्षे चालतो.

बॅटरी निवडताना पहिला प्रश्न हाच : ती बदलायला रुग्णाची त्वचा कापावी लागेल का?