गरम हवेचं करायचं काय?

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या जुन्या कारखान्याच्या किंवा इस्पितळाच्या मागच्या अंगणात मोठा डिझेल जनरेटर असेल, तर त्याच्या इंजिनावरची पाटी वाचून बघा. बऱ्याचदा तिच्यावर ‘एनटीए-८५५’ असं लिहिलेलं सापडेल. कमिन्सचं हे इंजिन कोथरूडच्या कारखान्यामुळे आपल्याकडे वीज गेल्यावर घरघरणारं यंत्र म्हणून ओळखीचं झालं. मुळात मात्र हे घराणं अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांचं. ८५५ म्हणजे घनइंच, आपल्या हिशेबात १४ लिटर. ‘टी’ टर्बोचा. शेवटचा ‘ए’ आफ्टरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा सिलिंडरात जाण्याआधी थंड करणाऱ्या भागाचा. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला सरसकट इंटरकूलर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

डिझेल इंजिनाची ताकद किती, हे टाकीतलं डिझेल ठरवत नाही. पंप हवं तेवढं डिझेल ओतायला तयारच असतो. अडतं ते हवेपाशी. एक किलो डिझेल पुरतं जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि धूर न करता जाळायचं तर त्याहून बरीच जास्त. साडेतीनशे अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण लोडवर चढ चढत असताना मिनिटाला वीसेक घनमीटर हवा ओढतं. हवा कमी पडली आणि डिझेल तेवढंच राहिलं, की सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. बोरघाटात जुन्या ट्रकांच्या मागे गाडी चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हवा जास्त कोंबायची तर टर्बो लावायचा. बाहेर फेकल्या जाणाऱ्या एक्झॉस्टच्या जोरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांडीवरच्या दुसऱ्या चाकाने आत जाणारी हवा दाबायची. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी याचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. ट्रकांपर्यंत ही युक्ती पोचायला पुढे अनेक दशकं गेली. व्होल्वोचा टर्बो लावलेला ‘टायटन’ आला १९५४ साली. पण हवा दाबली की ती तापते, आणि तापली की फुगते. म्हणजे टर्बो एका हाताने जे देतो त्यातलं बरंच दुसऱ्या हाताने काढून घेतो.

किती काढून घेतो? बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला असं धरू. कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या आसपास असते. त्या पाइपला उघडा हात लावायची सोय नाही. दाब दुप्पट झाला, पण हवा दुप्पट मिळाली नाही; तेवढ्याच जागेत जेमतेम दीडपट मावली. हीच हवा ५० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला जवळजवळ १.९ पट मावते. दाब तोच, इंजिन तेच, आणि हवा पंचवीस टक्क्यांनी जास्त. इंटरकूलरमधून जाताना दाब थोडा पडतो, तो हिशेबातून वजा करायचा. तरीही हा सौदा फायद्याचाच.

दुसरा फायदा मला पहिल्याहून मोठा वाटतो. आत जाणारी हवा जितके अंश थंड, साधारण तितकेच अंश एक्झॉस्टही थंड. जुन्या अमेरिकन ट्रकांच्या डॅशबोर्डवर पायरोमीटर नावाचा काटा असतो, तो एक्झॉस्टचं तापमान दाखवतो. भरल्या ट्रेलरसह डोंगर चढताना ड्रायव्हरचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा या काट्यावर. काटा टर्बोच्या आधी लावलेला असेल, तर ६५० अंश सेल्सिअसच्या वर तो फार वेळ राहू द्यायचा नाही. पाय उचलायचा, नाहीतर गिअर खाली घ्यायचा. न उचलल्यास आधी व्हॉल्व्ह आणि पिस्टनचे माथे किंमत मोजतात. इंटरकूलर लावला की हाच काटा बराच खाली बसतो. तेव्हा जास्त ताकद हा एक भाग, आहे तेवढ्याच ताकदीत इंजिन जास्त वर्षं टिकणं हा दुसरा.

एवढं सगळं कळत होतं तर मग उशीर का झाला? जहाजांवर उशीर झालाच नाही, कारण खाली अख्खा समुद्र थंड पाणी पुरवायला होता. रेल्वे इंजिनांतही झाला नाही. १९६२पासून आपल्याकडे आलेल्या अल्को बनावटीच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनात टर्बोबरोबर पाण्याचा इंटरकूलर होताच. रेल्वे इंजिनाच्या लांबरुंद अंगात त्याला जागाही होती. अडला तो ट्रक. साडेतीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाची हवा ८० अंशांनी थंड करायची, म्हणजे तीसेक किलोवॉट उष्णता काढून बाहेर टाकायची, बाथरूममधले पंधरा गिझर एकदम चालू असावेत इतकी. ट्रकच्या नाकावर आधीच रेडिएटर बसलेला. त्याच्यामागचा पंखा पूर्ण वेगात वीस-चाळीस अश्वशक्ती एकटाच खातो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आणखी तीस किलोवॉट टाकायचे कुठे?

कमिन्स, कॅटरपिलर आणि डेट्रॉइट डिझेल या तिघांनी १९७०च्या दशकात सोपा मार्ग धरला. इंजिनाचं पाणी रेडिएटरमधून फिरतंच आहे, तेच घ्यायचं. कमिन्सने इनटेक मॅनिफोल्डच्या पेटीतच पाण्याच्या नळ्यांचा एक गाभा बसवला. हवा त्याच्या पंखांमधून जाते, पाणी नळ्यांमधून. वेगळा रेडिएटर नको, लांब पाइप नकोत, ट्रकच्या नाकाला हात लावायला नको. डेट्रॉइटच्या दोन-स्ट्रोक व्ही इंजिनांत हा गाभा दोन ओळींच्या मधल्या खाचेत, सिलिंडरांत हवा ढकलणाऱ्या रूट्स ब्लोअरच्या खाली दडवलेला असे. तो गळायला लागला, तर आधी टर्बो, मग ब्लोअर उतरवायचा, तेव्हा कुठे त्याचं दर्शन. जागा वाचवणाऱ्याने मेकॅनिकचा विचार केला नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

या मार्गाची मर्यादा उघड आहे. इंजिनाचं पाणी स्वतःच ८५-९० अंशांवर असतं. त्याने हवा फार तर १०० अंशांपर्यंत येणार. वरच्या हिशेबात १३०ऐवजी १०० अंश धरले, तर मिळणारी जास्तीची हवा भरते आठ टक्के. पंचवीस टक्क्यांपुढे आठ म्हणजे दुधाची तहान ताकावर. एका बाबतीत मात्र हे गरम पाणी उपयोगी पडे. कडाक्याच्या थंडीत, हलक्या लोडवर टर्बो हवा दाबतच नसतो, तेव्हा हेच पाणी उलट हवेला ऊब देतं आणि थंड इंजिन पांढरा धूर ओकत बसत नाही. मिनेसोटाच्या हिवाळ्यात गाडी सुरू करणाऱ्याला याचं मोल कळत असणार.

१९८०च्या दशकात कमिन्सने हाच मार्ग आणखी ताणून पाहिला. रेडिएटरमधून पाणी कमी आणि सावकाश सोडायचं, त्याला एकाहून जास्त फेऱ्या मारायला लावायच्या, म्हणजे बाहेर येताना ते बरंच थंड असेल, आणि ते थंड पाणी आधी इंटरकूलरला द्यायचं. कागदावर हुशार. पण असा रेडिएटर थोडाही तुंबला की सगळं गणित कोसळतं. ट्रकवाल्यांमध्ये ही पद्धत कधी लोकप्रिय झाली नाही.

मॅक कंपनीचा मार्ग मात्र या सगळ्यांहून वेगळा. पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनची ही बुलडॉग छाप कंपनी. तिचं मॅक्सिडाइन इंजिन १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. ६७२ घनइंच, म्हणजे ११ लिटर, आणि २३७ अश्वशक्ती. त्याची खासियत अशी, की १२०० ते २१०० फेऱ्यांच्या पट्ट्यात ताकद जवळजवळ सारखी राहते. त्यामुळे बाकीचे ड्रायव्हर दहा-तेरा गिअरांशी झटापट करत असताना मॅकवाल्याचं काम पाच गिअरांत भागे. पण कमी फेऱ्यांवर एवढी ताकद काढायची तर तिथेही भरपूर हवा हवी, आणि ती थंड हवी. ८५ अंशांचं पाणी मॅकच्या इंजिनिअरांना पुरेसं वाटलं नाही. त्यांनी बाहेरच्या हवेनेच आतली हवा थंड करायचं ठरवलं, तेही रेडिएटरला न छेडता.

१९७३च्या सुमाराला आलेल्या इंजिनावर त्यांनी कूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर, इनटेक मॅनिफोल्डला लागून बसवला. त्या कोपऱ्यात बाहेरची हवा खेचून आणणार कोण? पट्ट्यावर चालणारा पंखा जमणार नव्हता, विजेचा तर नाहीच. मॅकने छोटा पंखा घेतला आणि त्याच्या पात्यांच्या टोकांवर गोलाकार टर्बाइनचे बारीक दात बसवले. टर्बोने दाबलेल्या हवेतली थोडीशी एका नळीने बाजूला काढून या दातांवर सोडायची. दात ढकलले जातात, पंखा भन्नाट फिरतो, बाहेरची हवा कूलरच्या गाभ्यातून खेचतो आणि बाहेर फेकतो. म्हणून हा ‘टिप टर्बाइन’ पंखा.

दाबलेली हवा थंड करण्यासाठी त्याच दाबलेल्या हवेतला हिस्सा खर्च करायचा, हा वरवर पाहता द्राविडी प्राणायाम वाटतो. मला मात्र या जुन्या सगळ्या तोडग्यांत हाच सर्वांत देखणा वाटतो, कारण त्याला नियंत्रण म्हणून काही लागतच नाही. गाडी रिकामी, उतारावर: टर्बोचा दाब नाही, हवा तापलेली नाही, पंख्याला हवा मिळत नाही, पंखा निवांत. गाडी भरलेली, चढावर, ताशी १५ मैल: दाब पूर्ण, हवा तापलेली, पंखा पूर्ण जोरात. गाडीच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. खाणीतल्या डंपरला आणि काँक्रीट मिक्सरला नेमकं हेच हवं असतं, कारण तिथे समोरून वारा येतच नाही. पाइप वीतभर लांबीचे, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाट पाहणं नाही. अशा कूलरसह, आणि इतर फेरबदल धरून, तेच ११ लिटरचं इंजिन २३७वरून २८५ अश्वशक्तीवर गेलं.

दोष होतेच. पंख्याला खाऊ घातलेली हवा सिलिंडरात जात नाही. वेगाने फिरणारा आणखी एक भाग, त्याची बेअरिंगं, त्याची झीज. गाभा लहान, आणि धुळीने तुंबला तर इंजिनाच्या डोक्यावरून उतरवून साफ करायचा.

तिसरा मार्ग आज सगळीकडे दिसतो: रेडिएटरच्या पुढे ॲल्युमिनिअमचा रुंद, सपाट कूलर, टर्बोपासून तिथवर एक जाड पाइप, तिथून इनटेकपर्यंत दुसरा. गाडी पळाली की वारा फुकट, उभी असली तर रेडिएटरचाच पंखा. युरोपात व्होल्वोने १९७०च्या दशकाच्या अखेरीस एफ-१२ ट्रकवर असा कूलर आणला आणि बाकीचे त्याच्यामागे गेले. अमेरिकेला वेळ लागला. तिथल्या ट्रकांत इंजिन एका कंपनीचं, केबिन आणि चासी दुसरीची. कूलर नाकावर लावायचा तर दोघांनी मिळून नाक नव्याने आखायला हवं, आणि पुढाकार कोणी घ्यायचा यावर गाडं अडतं. युरोपात सगळं एकाच छपराखाली होत असे.

शेवटी नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं. १९७३च्या तेलसंकटाने डिझेल महाग केलं होतंच. मग अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे जड डिझेल इंजिनांसाठीचे नियम १९८८पासून कडक होत गेले, १९९१ आणि १९९४ला आणखी आवळले. नायट्रोजनची ऑक्साइडं ज्वाळेच्या तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात. ती कमी करायला डिझेल उशिरा फवारलं, तर काजळी आणि खप दोन्ही वाढतात. हवा थंड केली, तर ऑक्साइडंही घटतात आणि काजळीही. इंजिनिअरला दोन्ही बाजूंनी फायदा देणारी गोष्ट क्वचितच मिळते. १९८७ला आलेलं डेट्रॉइटचं सीरिज ६० चार-स्ट्रोक होतं, इलेक्ट्रॉनिक होतं आणि त्याचा कूलर नाकावर होता. कॅटरपिलरच्या ३४०६ घराण्यातही पाण्याची जागा हवेने घेतली. मॅकनेही डोक्यावरचा पंखा उतरवून कूलर रेडिएटरपुढे आणला.

आपल्याकडे टाटा आणि लेलँडचे ट्रक दशकानुदशकं ‘नॅचरल’, म्हणजे बिनटर्बोचे. १९९३ला टाटा कमिन्स स्थापन झाली, आणि जमशेदपूरची बी सीरिज इंजिनं टाटाच्या ट्रकांत बसू लागली. २००० साली देशभर प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर टर्बो आणि इंटरकूलर सर्रास झाले. टाटाचं स्वतःचं ६९७, म्हणजे ९७ मिलिमीटर बोअरचं सहा सिलिंडरी इंजिनही ‘टीसीआयसी’, म्हणजे टर्बो-इंटरकूलरवालं झालं.

तेव्हापासून गॅरेजवाल्यांच्या यादीत एक नवी तक्रार जमा झाली: गाडी ओढत नाही, काळा धूर मारते, पंप-नोझल तर ठीक आहेत. अशा वेळी पंप उतरवण्याआधी रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा बघाव्यात. बारीक चीर गाडी उभी असताना दिसत नाही, दाब चढला की उघडते. दुसरी गोष्ट, टर्बो फुटून बदलला असेल तर कूलर उतरवून आतून धुवायलाच हवा. तुटलेल्या चाकाचे कण आणि साचलेलं ऑइल त्यात बसून राहतं आणि नव्या टर्बोच्या पहिल्या जोरदार फुंकरीबरोबर इंजिनात जातं. ऑइल बरंच असेल तर इंजिन तेच जाळत सुटतं, आणि मग चावी बंद करूनही ऐकत नाही.

गळती तपासायची रीत जुनीच. कूलरची दोन्ही तोंडं बुचं लावून बंद करायची, ३० पौंड हवा भरायची, नळी काढायची आणि काट्याकडे बघायचं. बऱ्याच अमेरिकन पुस्तकांनुसार १५ सेकंदांत पाच पौंडांपर्यंत उतार चालतो. म्हणजे थोडी गळती धरूनच चाललेलं आहे. काटा त्याहून खाली गेला, तर साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन सांध्यांवरून फिरायचं. बुडबुडे बहुधा ॲल्युमिनिअमच्या नळ्या कूलरच्या कडेच्या टाकीला जोडलेल्या असतात त्या कोपऱ्यांत दिसतात, कारण गरम-थंड होताना सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच होते.